नेफ्रॉन : रचना, कार्य आणि आपल्या औषधांची वाट

रुग्ण प्रयोगशाळेचा अहवाल पुढे करतो. ‘सीरम क्रिएटिनिन १.१’ असा आकडा त्यात असतो, शेजारी ०.६ ते १.२ अशी प्राकृत मर्यादा छापलेली असते आणि ‘वृक्क उत्तम आहेत’ असे सांगून आपण औषधयोजनेकडे वळतो. पंचवीस वर्षांच्या सुदृढ पुरुषाविषयी हे विधान बहुधा खरे असते. २०२१ साली सुधारलेल्या सूत्राने गणित केले, तर त्याची वृक्कगाळण मिनिटाला सुमारे ९५ मिलिलिटर येते. हाच १.१ चा आकडा पासष्ट वर्षांच्या स्त्रीच्या अहवालात असेल, तर त्याच सूत्राने उत्तर सुमारे ५६ मिळते. आणि ६० च्या खालची गाळण तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली, तर तिला जीर्ण वृक्कविकार म्हणतात. अहवालावर मात्र दोघांच्याही आकड्याखाली लाल रेघ नसते.

असे का होते, हे समजण्यासाठी वृक्कातील गाळण घटक, म्हणजे नेफ्रॉन, कसा घडला आहे आणि कसा चालतो, ते पाहावे लागते. आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने त्यास आणखी एक कारण आहे. आपण दिलेल्या औषधांपैकी काही या घटकाच्या विशिष्ट जागी जाऊन काम करतात आणि काही विशिष्ट जागीच अपाय करतात. ती जागा ठाऊक असेल, तर कोणती तपासणी केव्हा करावी हे घोकावे लागत नाही.

प्रथम एक खुलासा. चरकांनी मूत्रवह स्रोतसाचे मूळ बस्ति आणि वंक्षण सांगितले आहे, तर वृक्क हे मेदोवह स्रोतसाच्या मुळात गणले आहेत. सुश्रुतांनी निदानस्थानात बस्ति भरण्यास पाण्यात मुखापर्यंत बुडवलेल्या नव्या घटाची उपमा दिली आहे; घट जसा भोवतीच्या पाण्याने पाझरून भरतो, तसा सूक्ष्म मार्गांनी बस्ति भरतो. सूक्ष्म मुखांतून पाझरण्याची ही कल्पना विलक्षण आहे. तरीही तिच्यात नेफ्रॉन शोधण्याचा अट्टहास करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ग्रंथकारांचे निरीक्षण त्याच्या जागी श्रेष्ठच आहे. सूक्ष्मदर्शकाने नंतर दाखविलेली रचना त्याच्या माथी मारल्याने ग्रंथाचा गौरव वाढत नाही.

संख्या आणि राखीव बळ

मार्सेल्लो माल्पिघी या इटालियन शारीरविदाने १६६६ साली वृक्काच्या धमनीत काळा द्रव सोडला, तेव्हा फांदीला फळे लागावीत तसे सूक्ष्म गोळे त्यास रक्तवाहिन्यांना लगडलेले दिसले. हे गोळे मूत्रनलिकेच्या आरंभीच्या संपुटात बसलेले असतात, हे विल्यम बोमन यांनी १८४२ साली दाखविले. तो केशिकांचा गुच्छ, त्याभोवतीचे बोमन संपुट, तेथून निघणारी वळणदार समीपस्थ नलिका, वृक्काच्या गाभ्यात खोल उतरून परत वर येणारा हेन्ले पाश आणि शेवटी दूरस्थ नलिका, इतका एक नेफ्रॉन. अनेक दूरस्थ नलिका मिळून एका संग्राहक नलिकेत रिकाम्या होतात. संग्राहक नलिकेची गर्भातील उत्पत्ती वेगळी असल्याने काटेकोर अर्थाने ती नेफ्रॉनचा भाग नव्हे. कार्य मात्र अखंड चालते.

एका वृक्कात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. व्यक्तिव्यक्तीत हा आकडा फार बदलतो. दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत तो आढळला आहे. गर्भाच्या सुमारे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत ही निर्मिती पूर्ण होते आणि त्यानंतर आयुष्यभर एकही नवा नेफ्रॉन तयार होत नाही. कमी वजनाने जन्मलेल्या बालकाची शिदोरी मुळातच लहान असते. प्रौढ रुग्णास जन्मवेळचे वजन विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही, ती असावयास हवी.

काही नेफ्रॉन नष्ट झाले की उरलेले अधिक काम अंगावर घेतात. नातलगास एक वृक्क दान केलेल्या निरोगी व्यक्तीची गाळण निम्म्यावर येत नाही. उरलेला एकटा वृक्क पूर्वीच्या एकूण कार्याच्या सुमारे ६० ते ७० टक्के भार उचलतो. ही भरपाई उपकारक आहे, पण तिच्यामुळेच हानी झाकली जाते. शिवाय क्रिएटिनिन मांसपेशींतून येते, त्यामुळे कृश वृद्धात ते मुळातच कमी तयार होते. आणि थोडेसे क्रिएटिनिन नलिका स्वतःहून मूत्रात टाकतात. परिणामी गाळण निम्म्याच्या आसपास उतरेपर्यंत रक्तातील आकडा मर्यादेत राहू शकतो. दीर्घकाळ अतिरिक्त दाबाखाली राबणारे उरलेले केशिकागुच्छ पुढे स्वतःच कठीण होऊ लागतात, ही गोष्ट निराळीच.

केशिकागुच्छ : दाबावर चालणारी गाळणी

शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काही न भरणाऱ्या या अवयवांकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, मिनिटाला एक लिटरहून अधिक, जातो. त्यातून मिनिटाला १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो. शरीरातील रक्तरस जेमतेम तीन लिटर. याचा अर्थ तो दिवसातून साठ वेळा गाळणीतून जातो. दोन्ही वृक्कांच्या वीस लाख नेफ्रॉनांत ही वाटणी केली, तर एकेकाच्या वाट्यास अहोरात्रात जेमतेम दोन थेंब येतात.

इतर ठिकाणी केशिकेपुढे शिरा असते. येथे मात्र आत येणारी आणि बाहेर जाणारी, दोन्ही सूक्ष्म धमन्याच आहेत. पुढची तोटी आवळली आणि मागची सैल सोडली की मधल्या नळीत दाब वाढतो, तसा या रचनेमुळे गुच्छातील दाब इतर केशिकांपेक्षा बराच अधिक, सुमारे ५० ते ६० मिलिमीटर राहतो. शरीरातील द्रव कमी झाला, तर प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये आत येणारी धमनी उघडी ठेवतात आणि अँजिओटेन्सिन बाहेर जाणारी आवळून धरते. त्यामुळे रक्तदाब थोडा उतरला तरी गाळण चालू राहते.

आता आपल्या चिकित्सालयातील एक नेहमीचा प्रसंग या चित्रावर ठेवून पाहावा. सत्तरीचा रुग्ण आहे. रक्तदाबासाठी तो टेल्मिसार्टन आणि मूत्रल गोळी घेतो, गुडघेदुखीसाठी अधूनमधून डायक्लोफिनॅक घेतो आणि त्यास आपण विरेचन देतो. प्रवर शुद्धी म्हणजे तीस वेग. द्रव घटला, वेदनाशामकाने आत येणारी धमनी उघडी ठेवणारी सोय काढून घेतली, टेल्मिसार्टनने बाहेरची धमनी आवळणारी सोय काढून घेतली. गुच्छातील दाब कोसळतो आणि एका दिवसात गाळण बसते. विरेचनाचा येथे दोष नाही. पूर्वकर्मात अग्नी, कोष्ठ आणि बल यांबरोबर चालू गोळ्यांची यादी पाहिली गेली नाही, हा दोष आहे. अशा रुग्णाच्या वैद्यकाशी बोलून त्या दिवसांपुरत्या गोळ्यांत काय बदल करावयाचा, हे आधी ठरवून घ्यावे आणि शोधन मृदू ठेवावे. सांधेदुखीच्या तथाकथित आयुर्वेदिक पुड्यांत न सांगता मिसळलेले डायक्लोफिनॅक वा स्टिरॉइड औषध प्रशासनांना वेळोवेळी सापडले आहे. म्हणून ‘मी इंग्रजी गोळी घेत नाही’ हे रुग्णाचे उत्तरही अशा वेळी पुरेसे मानू नये.

गाळणीचे पदर तीन आहेत. आतून सच्छिद्र केशिकाभित्ती, मध्ये कोलॅजेनची चटई आणि बाहेरून पादपेशी. या पादपेशींचे सूक्ष्म पाय एकमेकांत बोटे गुंतवावीत तसे गुंतलेले असतात आणि त्यांमधील फटीवर नेफ्रिन नावाच्या प्रथिनाचा पडदा असतो. या प्रथिनाचा शोध अगदी अलीकडचा, १९९८ सालचा. पाणी, लवण, शर्करा, युरिया पार होतात, अल्ब्युमिन अडते. मूत्रात अल्ब्युमिन उतरू लागले की गाळणीचा कोणता तरी पदर बिघडला, असे समजावे.

पारदकल्पांचा विचार येथेच करणे प्राप्त आहे. ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपथी’ या विकारात पादपेशींखाली प्रतिकारद्रव्यांचे थर साचतात आणि मूत्रातून प्रथिन वाहू लागते. त्याच्या ‘नेल-१’ नामक उपप्रकाराविषयी २०२२ साली दक्षिण भारतातील अभ्यासकांनी एक लेख प्रसिद्ध केला. अशा रुग्णांपैकी बरेच जण पारंपरिक देशी औषधे घेत होते, त्या औषधांत पारद आढळला आणि औषध थांबविल्यावर बहुतेकांचे प्रथिन उतरले. पुढे केरळातून गोरेपणाच्या पारदयुक्त मलमांमुळे हाच विकार झाल्याचे वृत्त आले. ती औषधे शास्त्रोक्त शोधन-मारणाने सिद्ध झाली होती की बाजारी होती, हा प्रश्न रसशास्त्राच्या अभ्यासकांनी जरूर लावून धरावा. मात्र रुग्णाच्या मूत्रातील प्रथिन तपासण्यास त्या वादाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. रसकल्प दीर्घकाळ देण्यापूर्वी आणि देत असताना मूत्राची साधी पट्टी वापरावी. पायावर किंवा पापण्यांवर शोथ दिसला, मूत्रास टिकणारा फेस येऊ लागला, तर कल्प त्वरित थांबवावा. वेळीच थांबविल्यास हा विकार बहुधा उलटतो.

समीपस्थ नलिका : जेथे खरे काम होते

१८० लिटर गाळले आणि मूत्र दीड लिटर उतरले. उरलेले सर्व परत घेतले गेले. त्यातील जवळजवळ दोन तृतीयांश काम एकटी समीपस्थ नलिका करते. दिवसभरात गाळल्या जाणाऱ्या द्रवात सुमारे दीड किलो मिठाइतके सोडियम आणि १८० ग्रॅम शर्करा असते. निरोगी अवस्थेत शर्करेचा कणही मूत्रात दिसू नये अशी येथील व्यवस्था आहे. रक्तशर्करा १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की वाहून नेणाऱ्या प्रथिनांची ताकद संपते आणि ती मूत्रात उतरते. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली काढलेले फ्लोरिझिन हे तिक्त द्रव्य नेमके हेच वहन रोखते. आज प्रमेहात आणि वृक्करक्षणासाठी वापरली जाणारी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे त्याच द्रव्याच्या अभ्यासातून निघाली. एका वृक्षत्वचेच्या या वंशावळीची आपल्या नियतकालिकांतून व्हावी तितकी चर्चा झालेली नाही.

एवढे वहन करणाऱ्या या पेशी ऊर्जेच्या भुकेल्या असतात. त्यांचे आणखी एक काम म्हणजे रक्तातील अनेक आम्लद्रव्ये आणि औषधे स्वतःहून ओढून मूत्रात टाकणे. विष रक्तात अल्प असले, तरी या पेशींत ते साठून तीव्र होते. पारद आणि कॅडमियम यांचा संचय येथेच होतो. वृक्कासंबंधी आतापर्यंतचा सर्वांत मोठा वनस्पतिज अनर्थ घडला, तोही याच पेशींत.

तो बेल्जियममधील आहे. ब्रुसेल्समधील एका स्थौल्यचिकित्सा केंद्रात १९९० पासून वजन उतरविण्याच्या मिश्रणात दोन चिनी वनस्पती घालण्यास सुरुवात झाली. दोन वर्षांत तेथील तरुण स्त्रिया वृक्कनिकामीपणाने रुग्णालयात येऊ लागल्या. १९९३ साली व्हान्हेरवेगेम आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये पहिल्या नऊ रुग्णांची नोंद केली, पुढे ही संख्या शंभराच्या वर गेली. मिश्रणात स्टेफानिया टेट्रान्ड्रा ही, आपल्या गुडूचीच्याच कुळातील, वनस्पती अपेक्षित होती. प्रत्यक्षात त्याजागी ॲरिस्टोलोकिया फांग्ची आली होती. चिनी भाषेत दोघींच्या नावांत ‘फांग्-जी’ हा शब्द समान आहे, आणि वाळलेल्या मुळांच्या चकत्या पाहून भेद करणारा कोणी त्या साखळीत नव्हता.

या रुग्णांच्या वृक्काचे छेद घेतले, तेव्हा केशिकागुच्छ बरेचसे शाबूत होते. नलिका मात्र सुकून गेल्या होत्या आणि त्यांच्यामधील जागा तंतुमय झाली होती. म्हणूनच रक्तदाब फारसा वाढला नव्हता आणि मूत्रात अल्ब्युमिन अल्प होते. नेहमीच्या नजरेने पाहणाऱ्यास त्यात वृक्कविकार दिसलाच नसता. सूचना वेगळ्याच होत्या : रक्तशर्करा प्राकृत असूनही मूत्रात शर्करा, आणि वृक्ककार्याच्या मानाने अधिक पांडुता. औषध बंद केल्यावरही अनेकींचे वृक्क खंगतच गेले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, निकामी वृक्क आणि मूत्रवाहिन्या काढून टाकलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग आढळला. ॲरिस्टोलोकिक आम्ल पेशींच्या जनुकद्रव्यास चिकटते, हे त्याचे कारण. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली या प्रजातीच्या वनस्पती असलेली औषधे मानवात निश्चित कर्करोगकारक ठरविली.

ही गोष्ट परदेशातील म्हणून सोडून देण्याजोगी नाही. ईश्वरी, जिला आपल्याकडे सापसण म्हणतात, ती ॲरिस्टोलोकिया इंडिका होय. कीडामारी म्हणजे ॲरिस्टोलोकिया ब्रॅक्टिओलाटा. दोहोंतही तेच आम्ल असते. सर्पदंश, ज्वर, कृमी यांवर परंपरेने त्यांचा वापर झाला आहे. अपाय वर्षानुवर्षे न दिसता साठत जातो, त्यामुळे परंपरेच्या अनुभवात तो नोंदला न जाणे स्वाभाविक होते. अंतःप्रयोगासाठी या दोन्ही वनस्पती औषधशाळेच्या सूचीतून काढून टाकाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. कृमिघ्न म्हणून विडंगासारखी द्रव्ये हाताशी असताना कीडामारीचा आग्रह धरण्याचे कारण उरत नाही.

एवढे मात्र नोंदविले पाहिजे की नलिकेच्या पेशी पुनर्जननक्षम आहेत. तीव्र आघातानंतर, भित्तीचा सांगाडा शाबूत असेल तर, काही आठवड्यांत त्या पुन्हा उभ्या राहतात. केरळात २०१३ साली बिलिंबीचा ताजा रस कोलेस्टेरॉल उतरविण्यासाठी पिणाऱ्या दहा जणांची नोंद झाली. रसातील ऑक्झलेटचे स्फटिक त्यांच्या नलिकांत अडकून वृक्क अकस्मात थांबले होते. अशा तीव्र प्रसंगी योग्य उपचाराने वृक्क सावरण्यास वाव असतो. गोव्यात आणि कोकणात आमटीत घातलेले बिलिंबीचे एखादे फळ वेगळे आणि रिकाम्यापोटी पेलाभर रस वेगळा, हे रुग्णास समजावून सांगावे.

हेन्ले पाश आणि दूरस्थ टोक

हेन्ले पाशाविषयी थोडक्यात सांगता येईल. त्याची उतरती बाजू पाणी सोडते, चढती बाजू लवण सोडते, आणि या उलटसुलट प्रवाहामुळे वृक्काच्या गाभ्यात रक्ताच्या चौपट तीव्रतेचा क्षार साठतो. तहानलेल्या शरीरात संग्राहक नलिका याच क्षाराच्या ओढीने पाणी परत घेते आणि मूत्र गडद होते. फ्युरोसेमाइड चढत्या बाजूवर काम करते.

दूरस्थ टोकाशी मात्र आपण थबकले पाहिजे, कारण पोटॅशियमचा हिशोब तेथे लागतो. अल्डोस्टेरॉनच्या आज्ञेने तेथील पेशी सोडियम ठेवून घेतात आणि पोटॅशियम बाहेर टाकतात. नेफ्रॉन कमी उरले, किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे चालू असली, तर पोटॅशियम रक्तात तुंबते आणि हृदयाचा ताल बिघडवते. मूत्रकृच्छ्रात आपण सहज देतो ती श्वेतपर्पटी पाहावी. तिचा मुख्य घटक कलमी सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. यवक्षारही प्रायः पोटॅशियमचेच लवण. तरुण रुग्णाच्या मूत्रदाहात ही द्रव्ये उत्तम गुण देतात. जीर्ण वृक्कविकारात ‘मूत्रल’ या एका शब्दावर विसंबून ती देणे मात्र धोक्याचे आहे. मूत्र वाढले की वृक्क सुधारले, असा समज रुग्णांत तर आहेच, काही वैद्यांतही आहे.

याच जागी यष्टिमधु उलट दिशेने काम करते. शरीरातील कॉर्टिसोल अल्डोस्टेरॉनचे सोंग घेऊ नये म्हणून येथील पेशींत त्यास निष्प्रभ करणारे एक विकर असते. यष्टिमधूतील ग्लिसिरायझिन त्या विकरास अडवते. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिल्यास सोडियम साठते, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते आणि रुग्ण स्नायूंच्या दौर्बल्याची तक्रार करू लागतो. अम्लपित्तासाठी महिनोन्‌महिने यष्टिमधु चूर्ण घेणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब अचानक दुर्दम्य झाला, तर प्रथम हे आठवावे.

चिकित्सालयात आणि औषधशाळेत

दीर्घकाळ औषध घेणाऱ्या प्रत्येक प्रौढाच्या पत्रकावर क्रिएटिनिनशेजारी वय आणि लिंग धरून काढलेली गाळण लिहावी. अनेक प्रयोगशाळा ती आता छापून देतात, नसेल तर मागावी. सोबत मूत्रातील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर पाहावे. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या पुढे ते टिकून राहिले, तर गाळणी गळते आहे. गाळण आणि हे गुणोत्तर दोन्ही प्राकृत असूनही, रक्तशर्करा वाढलेली नसताना मूत्रात शर्करा दिसली, तर रुग्ण डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी घेतो का ते विचारावे. घेत नसल्यास समीपस्थ नलिकेकडे आणि मग आपल्याच औषधाच्या पुडीकडे पाहावे. संशयित प्रसंग नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेतून चालणाऱ्या आयुष औषधसतर्कता कार्यक्रमास कळविता येतो. कळविल्याने औषधाची बदनामी होते, ही भीती अनाठायी आहे.

औषधशाळाचालकांसाठी ब्रुसेल्सचा धडा खरेदीच्या टेबलावर आहे. वाळलेली मुळे आणि खोडे चूर्णरूपात न घेता अखंड घ्यावीत. चूर्ण झाले की डोळ्यांनी आणि जिभेने करावयाची परीक्षा संपते. देयकावर केवळ बाजारी नाव न स्वीकारता वनस्पतिशास्त्रीय नाव लिहून मागावे. संदिग्ध द्रव्यांची परीक्षा सूक्ष्मदर्शकाने आणि पातळ-स्तर वर्णलेखनाने करून घ्यावी. वनस्पतिज औषधांसाठी शिसे १०, आर्सेनिक ३, पारद १ आणि कॅडमियम ०.३ भाग प्रतिदशलक्ष या मर्यादा ठरलेल्या आहेत. त्या निर्यातीच्या मालास लावून देशातील रुग्णाच्या मालास न लावणे कोणत्याही युक्तीत बसत नाही. प्रत्येक घाण्याचा मूठभर नमुना, मूळ कच्च्या द्रव्याच्या तुकड्यासह, तारीख घालून मुदत संपेपर्यंत जपून ठेवावा. एखाद्या वैद्याने दोन वर्षांनी रुग्णाचा अहवाल घेऊन विचारणा केली, तर तपासण्यास तेवढेच हाती असते.